झेडपीत घालताय? बरं बरं...

पुण्याच्या आयटी पार्कच्या मागं जी गावं होती आणि जाहिरातीत ज्यांची आता टाऊनशिप झालीय, त्यातल्या एका गावात आम्ही राहतो. म्हणजे पत्ता टाऊनशिपचा, घरपट्टी ग्रामपंचायतीची आणि पाणी टँकरचं. बिल्डरने ब्रोशरमध्ये "जागतिक दर्जाच्या शाळा पाच मिनिटांवर" असं छापलं होतं. त्या शाळा ट्रॅफिक नसेल तर पस्तीस मिनिटांवर आहेत, आणि ट्रॅफिक नसलेला दिवस म्हणजे लक्ष्मीपूजन, तेव्हा शाळेला सुट्टी असते. पाच मिनिटांवर खरोखर एकच शाळा आहे. पाच कसली, आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागूनच आहे. जिल्हा परिषद प्राथमिक शाळा. ब्रोशरच्या नकाशात तिच्या जागी झाडं काढलीयेत.

लेक सहाची होत आली होती. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीला चालतं, म्हणून २०२४च्या जूनसाठी शोधाशोध चालू केली. एका शाळेने पहिलीची जी फी सांगितली ती माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांच्या फीपेक्षा जास्त होती, त्यात घोडेस्वारी धरलेली होती पण घोडा कुठे दिसला नाही, विचारलं तर रिसेप्शनवरच्या मॅडम म्हणाल्या पार्टनर फॅसिलिटी आहे सर. घोडा पार्टनर आहे की फॅसिलिटी हे काही कळलं नाही. येताना ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना बायको म्हणाली, "अरे, भिंतीपलीकडे घातलं तर?"

मी म्हणालो, चार लोकांना विचारून बघू.

चार लोक काय, आख्खी सोसायटी भेटली. लिफ्टमध्ये नुसतं "झेडपीत घालायचा विचार चाललाय" म्हटलं की समोरचा आधी मजल्यांचे आकडे बघतो, मग माझे बूट बघतो (नोकरी गेली असावी याची खात्री करायला), आणि मग हळूच म्हणतो, "बरं बरं." हे "बरं बरं" दोनदाच येतं. एकदा आलं असतं तर त्याचा अर्थ बरं असा झाला असता. त्यानंतर हमखास येणारं वाक्य म्हणजे "तसे आम्हीही झेडपीतच शिकलो म्हणा." आमच्या सोसायटीतले चाळिशीच्या पुढचे निम्मे पुरुष झेडपीत शिकलेत. शनिवारी सकाळी पोरांनी वर्ग सारवायचा, पाटी थुंकीने पुसायची, गुरुजींना कोणाच्या तरी घरून ताक आणायचं, सगळं डोळ्यात पाणी आणून सांगतात. आणि काय ते गुरुजी! हातावर छडी मोडायची पण पाढा मोडायचा नाही. मग मी म्हणतो, मग घालू ना? तर लगेच, "नाही नाही, आता तसं राहिलं नाही." काय राहिलं नाही? छडी राहिली नाही, कायद्याने बंद झाली, हे खरंय. पण छडी नाही म्हणून पोरगी पाठवायची नाही असं कोणी तोंडाने कबूल करत नाही.

मी एकदा सरळच विचारायला सुरुवात केली की तुम्ही त्या शाळेत शेवटचं कधी गेला होतात. उत्तर एकच. मतदानाला. आमचं बूथ तिथेच असतं आणि मे २०२४ची लोकसभा नुकतीच झालेली, त्यामुळे सगळ्यांची मतं अगदी ताजी होती. बी विंगच्या काकांच्या मते शाळेत पंखे फार हळू फिरतात. (मेमधल्या दुपारी, रांगेत, काका उभे.) आमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं बाक फार बुटके आहेत, त्यांना गुडघे घालता आले नाहीत. आता तो पहिलीचा वर्ग होता, ते स्वतः सहा फूट आहेत, पण हे कोण सांगणार. आणि सेक्रेटरींचं मत तर सगळ्यात जबरदस्त, म्हणाले, "मी स्वतः बघितलंय हो, मास्तर लोक शिकवत नव्हते. टेबल टाकून बसले होते आणि लोकांच्या बोटाला शाई लावत होते."

घरातून तरी पाठिंबा मिळेल म्हणून गावी फोन केला. आमचे बाबा झेडपीचे रिटायर्ड शिक्षक. आयुष्य गेलं त्यात, बदलीवर बदली, मोटारसायकलच्या डिकीत पुस्तकं आणि डोक्यात जनगणना. मला वाटलं भरून येईल त्यांना. भरून आलं पण रागाने. म्हणाले, "मी त्या शाळांत शिकवलं ते तू तिथनं बाहेर पडावास म्हणून. तू परत आत चाललास होय?" मी म्हटलं बाबा, पण तुम्ही चांगलं शिकवायचात की. तर म्हणाले, "मी शिकवायचो. बाकीच्यांचं मला काय सांगतोस, मी होतो ना तिथं." सासूबाईंचं तर आणखी वेगळंच. त्यांचा शाळेला विरोध नव्हता, फक्त ही गोष्ट कोणाला सांगू नका एवढंच म्हणणं होतं. भिशीत विचारलं तर त्या "इंग्लिश मीडियमलाच आहे, जवळची आहे" असं सांगणार होत्या. सेमी-इंग्लिश आहे, गणित इंग्रजीतून असतं, असं मी सांगितल्यावर त्यांना जरा हुशारी आली, म्हणाल्या मग निम्मं तरी खरंच सांगते मी.

शिकलेल्या माणसांकडे आणखी एक पळवाट असते, ती म्हणजे वाबळेवाडी. "वाबळेवाडीसारखी झेडपी असती तर मी डोळे झाकून घातलं असतं हो." वाबळेवाडी शिरूर तालुक्यात. तिथे खरंच लोक प्रवेशासाठी वेटिंगला होते, खरंच कौतुकाची शाळा, पण माझ्या लक्षात आलंय की झेडपीची चांगली शाळा कायम दुसऱ्या तालुक्यात असते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या डिसले गुरुजींना २०२०मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटले. हे मी मोठ्या उत्साहाने सी विंगच्या एका बाबाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बघ म्हणजे, गणित कच्चंच ना."

या सगळ्यात मी एक गंमत बघत होतो, की ज्यांची पोरं खरंच त्या शाळेत जातात त्यांना कोणीच काही विचारत नव्हतं. टॉवर बांधणाऱ्या मिस्त्रींची पोरं, टँकरवाल्यांची, नांदेड-परभणीहून आलेल्यांची, कर्नाटकातल्या सेंट्रिंगवाल्यांची. गावातल्या मूळ लोकांचीसुद्धा नाही, कारण जमिनी विकल्यावर त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल तर पोरांना पिवळ्या बसमध्ये बसवलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा नातू तिथे तिसरीला. त्यांना विचारलं, मावशी, शाळा कशी आहे? तर त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "पहिलीच्या बाई चांगल्यात, पण बदली लागलीया. दुसरीचे सर चांगलेच, पण लई फोटो काढत्यात, खिचडीचा काढत्यात, झाडाचा काढत्यात, वर पाठवावा लागतोय म्हणं. मुतारीच्या नळाला पाणी नाय. पाढे येत्यात पोराला सतरापर्यंत, भागाकार येत नाय. दोन वर्ग एका खोलीत बसत्यात, तिसरीचं चौथीचं ऐकून ऐकून चौथीचं आधीच शिकलंय ते, तिसरीचं ऱ्हायलं." एका दमात. घोडेस्वारीच्या शाळेच्या प्रॉस्पेक्टसला चकचकीत चाळीस पानं होती, त्यात भागाकार येतो की नाही हे कुठेच नव्हतं.

गेटवरच्या सिक्युरिटीदादाने पोरासाठी त्याच वर्षी आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा फॉर्म भरला होता, खासगी शाळेतल्या गरिबांसाठीच्या पंचवीस टक्के जागांचा. पण फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला होता की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही, त्यामुळे त्याला यादीत दिसली ती आमच्या भिंतीपलीकडचीच. पुढे हायकोर्टाने मेमध्ये त्या नियमाला स्थगिती दिली आणि जुलैत तो रद्दच केला. पण तेव्हा तो मला म्हणाला, "साहेब, लॉटरी लागून जर हीच मिळणार असंल तर लॉटरी कशाला? तिथं हेडमास्तर स्वतः हात धरून आत नेतात." आणि हे खरंय, पट कमी झाला की शिक्षकाचं पद जातं, त्यामुळे मे महिन्यात सर आणि बाई उन्हातान्हात पत्र्याच्या शेडी फिरत असतात पोरं गोळा करत. आमच्या टॉवरमध्ये मात्र कधी आले नाहीत. गेटवर "कोणाकडे?" विचारतात ना.

म्हणून आम्हीच गेलो. मुख्याध्यापकांनी मला बघितलं आणि खुर्चीतून उठून म्हणाले, "सर, प्रार्थनेचा आवाज कमी केलाय आम्ही." मी म्हटलं नाही हो, ॲडमिशनला आलोय. तर म्हणाले, "कामवालीच्या मुलाचं का? फॉर्म तुम्ही भरणार?" म्हटलं माझ्या मुलीचं. त्यावर त्यांनी बाईंना आतून बोलावलं. बाईंनी आधी मला मग बायकोला बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव होता, गुलाबाचं फूल, फुगे, बालभारतीची पुस्तकं फुकट, ढोल. लेक खूश. तिचं शाळेबद्दल एकच मत होतं आणि ते तिने घरी आल्या आल्या दिलं, शाळा साडेदहाला भरते. तिच्या जुन्या केजीची बस सात वाजता यायची. सहा वर्षांच्या माणसाला यापुढे फार काही बघायचं नसतं.

शाळा व्यवस्थापन समिती नावाचं एक प्रकरण असतं. कायद्याने त्यात पंचाहत्तर टक्के पालक लागतात आणि निम्म्या बायका लागतात. बायका होत्या, पुरुष मिळत नव्हता, कारण दुपारी दोनच्या सभेला कोणाचा बाप मोकळा असतो? माझं वर्क फ्रॉम होम आहे हे मावशींनीच सभेत फोडलं आणि मी बिनविरोध सदस्य. त्या दिवसापासून माझं मत विचारलं जायला लागलं, तेही लेखी. खिचडी पोरांना वाढायच्या आधी चाखून चव रजिस्टरमध्ये शेरा मारायचा असतो. मी पहिल्याच दिवशी, आयटीतली सवय, प्रामाणिक फीडबॅक म्हणून "मीठ किंचित कमी" असं लिहिलं. महिना अडीच हजार मानधनावर दीडशे पोरांचं शिजवणाऱ्या ताईंनी ते कोणाकडून तरी वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिठाची पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली आणि पदर खोचून उभ्या राहिल्या. तेव्हापासून आमच्या रजिस्टरमध्ये सलग "चव उत्तम" आहे. मुतारीच्या नळाला पाणी मात्र आलं, आमच्याच टँकरवाल्याची पोरगी दुसरीत आहे.

पण खरी परीक्षा गणवेशाची. त्या वर्षी "एक राज्य एक गणवेश" होता, आकाशी आणि गडद निळा, वरूनच शिवून येणार होता. जूनचा गणवेश आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर आला. चौथीतल्या पोराची चड्डी पहिलीतल्याला आणि पहिलीतल्याचा शर्ट कोणालाच नाही. दुसऱ्या गणवेशाचं नुसतं कापड आलं, शिलाईला एकशे दहा रुपये, आमच्या नाक्यावरचा टेलर एकशे दहा रुपये ऐकून हसला आणि मशीन चालवत राहिला. मग डिसेंबरमध्ये सरकारने निर्णय फिरवला, गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीने घ्यायचा, एकाला तीनशे रुपये. म्हणजे आम्ही. म्हणजे मी, कारण "साहेब कंप्युटरवर हिशोब करतील."

नव्या वर्षाच्या गणवेशाच्या सभेला कधी नव्हे ते सगळे पालक आले. निळा नको, धुळीत लगेच मळतो. तपकिरी घ्या. तपकिरी म्हणजे हॉटेलातली पोरं वाटतील. चेक्स घ्या, पिवळ्या बसवाल्यांचे चेक्स असतात. तीनशेत चेक्स बसत नाहीत. मग पॅन्टला चेन नको, बटण लावा, चेन चार दिवसांत जाते. एक आजी शेवटपर्यंत एकाच मुद्द्यावर होत्या की खाली तीन बोटं कापड दुमडून शिवा, वाढत्या अंगाचं. मिस्त्रीकाकांचं म्हणणं गणवेशच नको, तेवढ्या पैशात बूट द्या. टाय पाहिजे असंही एकाचं मत आलं, त्यावर अर्धा तास गेला. हेडमास्तर घड्याळाकडे बघत मला म्हणाले, "सर, इतिवृत्त घ्या." मी लिहिलं, गणवेशाच्या रंगाबाबत सविस्तर चर्चा झाली.

"चर्चा नाही लिहायची सर, निर्णय लिहायचा असतो. ऑडिट होतं."

मी जरा विचार केला आणि लिहिलं, पुढील सभा शनिवारी दुपारी दोन वाजता घेण्याचे सर्वानुमते ठरले. मोठ्याने वाचून दाखवलं.

"शनिवारी नको," मागून चार-पाच बायका एकदम ओरडल्या, "शनिवारी आमच्यात पाणी येतंय."