लेखी काही मागू नका

तुमच्या कॉलनीशेजारच्या मैदानाचं आरक्षण बदलण्याची नोटीस पेपरात आली आणि ती तुम्हाला दिसली, तर आधी स्वतःची पाठ थोपटून घ्या. बँकेच्या जप्तीच्या नोटिसा आणि ‘मूळ खरेदीखत गहाळ झाले आहे’ यांच्या मधोमध, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलेलं वाचणारा माणूस नाशकात दुर्मीळ. बाकीचे त्या पानावर चिवडा घेऊन बसतात.

हरकत घ्यायला आता तुमच्याकडे एक महिना आहे. त्यातला एकही दिवस कायदा वाचण्यात घालवू नका. मी घालवला, म्हणून सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६, कलम ३७. मंजूर विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करता येतो, फक्त आराखड्याचं स्वरूप बदलता कामा नये. मैदान जाऊन तिथे निवासी विभाग आला, तर तो किरकोळ फेरबदल. तुम्ही बाल्कनी आत घेतलीत, तर ते अनधिकृत बांधकाम. पंचवटीच्या बाजार समितीत कोणीही सांगेल की किरकोळ वेगळं आणि घाऊक वेगळं. इथे किरकोळच घाऊकात चालतं.

त्याच कलमात (१कक) अशी एक पोटखोली आहे. तिथून सरकार स्वतःच फेरबदलाची नोटीस काढू शकतं. आणि कलम १५४ असं की, शासन वेळोवेळी देईल ते निदेश नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे इथे महापालिकेने, पाळायचे. या दोघांची जोडी जमली की कागद बघण्यासारखा होतो. वरच्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की नागरिकांनी एक महिन्यात हरकती व सूचना पाठवाव्यात. खालच्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की या बदलाची अंमलबजावणी तात्काळ सुरू करावी. लग्न लागलं, जेवणं उठली, आता मुलीला पसंती विचारतो.

कोणी तुम्हाला ७४ वी घटनादुरुस्ती ऐकवेल. १ जून १९९३ पासून लागू, बाराव्या अनुसूचीत १८ विषय, आणि त्यातला पहिलाच ‘नगर रचनेसह नगर नियोजन’. तो शहराने स्वतः बघावा अशी अपेक्षा. ऐकवणाऱ्याला चहा पाजा. यादी वरून वाचत आले की पहिलाच विषय आधी हाताला लागतो, यात कोणाचा काय दोष? शिवाय मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहरात प्रशासकराज होतं. आयुक्ताने प्रस्ताव मांडायचा, महासभेने मंजूर करायचा, आणि महासभा म्हणजेही तोच आयुक्त. इतकं एकमत नाशिकने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पण हे सगळं कागदावरचं. कागदाला तुम्ही घाबरू नका. कागदावर जावक क्रमांक असतो, तारीख असते, खाली सही असते. सही आली की नाव येतं, आणि नाव आलं की कोणीतरी ते घेऊन हायकोर्टात जातं. म्हणून सरकारला उघडपणे इतकं काही करता येत असूनही खरं काम फोनवर चालतं. फोनला जावक क्रमांक नसतो. आपल्या निवेदनावरचा मंत्र्याचा शेराही बघा कसा निर्मळ असतो: ‘तपासून नियमानुसार कार्यवाही करावी.’ यात आक्षेप घ्यायला जागा कुठे आहे? नियमानुसार म्हणजे काय ते मागाहून पीए फोनवर समजावतो.

नाशकात दोन गोष्टी वरून येतात. एक, गंगापूर धरणाचं पाणी. ते सोडण्याआधी किती क्युसेक सोडणार हे जाहीर होतं, नदीकाठच्या टपऱ्या उचलल्या जातात, आणि रामकुंडाशी नदीत उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं गावभर मोजलं जातं. सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर निळ्या-लाल पूररेषाही आखून झाल्या. दुसरी गोष्ट वरून येते ती ‘वरून आलंय’. ती किती वरून आली, कुठपर्यंत चढली, हे मोजायला गावात मारुती नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेत सांगून टाकलं की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशावर चालू नये. आलाच तर त्याची लेखी नोंद करावी. मी हा निकाल छापून एका कार्यालयातल्या एका भल्या अधिकाऱ्याला नेऊन दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, टेबलाच्या खालच्या खणात ठेवला आणि म्हणाला, “काका, मी नोंद केली ना, की माझीच नोंद होते.” पुढच्या वेळी गेलो तेव्हा खुर्चीत दुसरेच साहेब होते. खण तोच होता, पण उघडून बघण्याइतकी ओळख अजून झाली नव्हती.

बदल्यांचाही कायदा आहे, २००५ चा. एका जागी सर्वसाधारणपणे तीन वर्षं, आणि त्याआधी हलवायचं तर अपवादात्मक परिस्थिती किंवा विशेष कारण लागतं. तुकाराम मुंढे फेब्रुवारी २०१८ मध्ये आयुक्त म्हणून आले आणि नोव्हेंबरात गेले. त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध तावातावाने भांडणारे लोक तुम्हाला कॉलेज रोडच्या कुठल्याही टपरीवर मिळतील. मी आपला बोटांवर महिने मोजतो, दोन हातांत मावतात.

म्हणून शहाण्याने हरकत घेऊच नये, वशिला शोधावा. तिथेही नाशिकची अडचण वेगळी. १८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी आली आणि दुसऱ्याच दिवशी नाशिकच्या नावाला स्थगिती मिळाली. तुमच्या मैदानाच्या फेरबदलाला स्थगिती मिळावी म्हणून तुम्ही आयुष्यभर चपला झिजवाल. मंत्र्याला ती चोवीस तासांच्या आसपास मिळते. निराश होऊ नका. जिल्ह्यात मंत्री एकाहून जास्त आहेत. निवेदनाच्या तेवढ्या झेरॉक्स काढा आणि प्रत्येकाला ‘आपणच आमचे पालक’ असं म्हणत वेगवेगळ्या दिवशी द्या. एकाच दिवशी दिलीत तर विश्रामगृहाच्या व्हरांड्यात कार्यकर्ते प्रती ताडून बघतात. माझ्या हातात एकदा दोन सापडल्या. मी म्हटलं, एक घरी ठेवायला आहे.

कोणी म्हणेल की सिंहस्थाच्या निमित्ताने आता सगळं शिस्तीत चाललंय, स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरण आहे, विभागीय आयुक्त त्याचे अध्यक्ष आहेत. आहेतच. वर मंत्र्यांची समिती आहे, त्याच्याही वर शिखर समिती आहे. स्वतंत्र माणसाला एकटं वाटू नये, याची ही काळजी. २०२५ च्या नोव्हेंबरात साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली सुमारे १८०० झाडं तोडण्याचा प्रश्न आला. हरकती मागवल्या, सुनावणी झाली, गदारोळ झाला. कायद्याने झाडांचा विषय वृक्ष प्राधिकरणाचा, पण रोज टीव्हीवर त्याबद्दल बोलत होते ते मंत्री. प्राधिकरणाचा आवाज कसा असतो, हे मला अजून माहीत नाही.

इतकं सांगूनही तुम्ही सुनावणीला जाणारच असाल तर जेवून जा. मला सकाळी अकराची वेळ दिली होती, नंबर लागला पावणेतीनला. प्रत्येकाला तीन मिनिटं. साहेबांचा मोबाईल टेबलावर पालथा पडलेला, आणि थरथरला की काचेवरून आपोआप माझ्या बाजूला सरकायचा. मी नकाशा उलगडला, मैदान दाखवलं, संध्याकाळी तिथे किती पोरं खेळतात ते सांगितलं. मोबाईल तिसऱ्यांदा सरकला तेव्हा साहेब तो उचलून बाहेर गेले. परत आल्यावर म्हणाले, “बोला काका, ऐकतोय,” आणि घड्याळ बघून, “झालंच की तुमचं.” त्यांच्या पॅडवर मला उलटं वाचता आलं. ‘मैदान’ असं लिहिलं होतं. शेजारी एक चौकोन काढलेला होता, आणि ते बोलता बोलता तो निळ्या शाईने गिरवून गिरवून भरत होते.

बाहेर शिपायाच्या रजिस्टरात सही करावी लागते. नाव, पत्ता, विषय, आणि शेवटचा रकाना ‘संदर्भ’. माझ्या वरच्या सगळ्यांनी तो भरलेला होता. मी मोकळा सोडला, आणि शिपायाने दयेने त्यात ‘स्वतः’ असं लिहिलं. तुम्ही ही चूक करू नका. तिथे नुसतं ‘साहेब’ लिहा. कुठले साहेब, हे विचारायची त्या इमारतीत कोणाची प्राज्ञा नाही.