पाँटिंगच्या बॅटमधली स्प्रिंग आणि आपल्या ग्रुपवरचे शास्त्रज्ञ

2003 च्या भारत-ऑस्ट्रेलिया वर्ल्ड कप फायनलचा तो मेसेज परत फिरून राहिला. आमच्या गावच्या ग्रुपवर तं कापसाचा भाव आणि वाढदिवसाचे केक याच्या मधात कोणी ना कोणी तो टाकतेच. ज्याले आला नसंल त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो: ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन पाँटिंगच्या बॅटमध्ये स्प्रिंग होती म्हणून सिक्सवर सिक्स गेले, अंपायरनं चेकच केलं नाही, पाँटिंगनं नंतर कबूल केलं, मॅच पुन्हा होणार होती पण प्रकरण दाबलं, आणि खाली ठळक अक्षरात "सायन्स फिक्शन वाटेल पण हे सायन्स आहे".

आता एकेक पाहू.

सिक्स गेले हे खरंच आहे. 121 बॉलात नाबाद 140, त्यात 8 सिक्स. पण भाऊ, त्याचे पहिले 50 पाहा ना, 74 बॉल लागले आणि फोर फक्त एक! पुढचे 90 मात्र 47 बॉलात. म्हणजे स्प्रिंग पहिले 74 बॉल काय झोपली होती? कोणी म्हणते मधात बॅट बदलली. बरं, बदलली. मग समोरून मार्टिन बोटाला लागलेलं असताना 84 बॉलात 88 मारून राहिला होता त्याचं काय, आणि त्याच्याआधी गिलख्रिस्ट-हेडननं 14 ओव्हरमध्ये 105 ची ओपनिंग दिली ते कोणत्या स्प्रिंगनं? टॉस आपणच जिंकला होता, फिल्डिंगही आपणच घेतली, झहीरच्या पहिल्याच ओव्हरमध्ये 15 गेले, श्रीनाथच्या 10 ओव्हरमध्ये 87. पाँटिंग-मार्टिनची पार्टनरशिप 234 ची, आणि आपली पूरी टीम मिळून ऑलआऊट 234! हे वाचून जास्त दुखते, म्हणून लोकायले स्प्रिंग बरी वाटते.

आता सायन्स. बॉल बॅटला टेकून राहते तो वेळ जवळपास सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात स्प्रिंग दबली पाहिजे आणि बॉल निघायच्या आत सुटलीही पाहिजे. आणि साधी स्प्रिंग जेवढी ताकद घेते त्याच्यापेक्षा जास्त कधीच देत नाही, थोडी खातेच. आधीपासून दाबून ठेवलेली होती म्हणाल तं ती एकदाच सुटणार, मग 8 सिक्ससाठी 8 वेळा चाबी कोण भरून देत होतं, बारावा गडी? पोकळ धातूच्या बेसबॉल बॅटीत पत्रा दबून परत उसळते हे खरं आहे, पण क्रिकेट बॅटच्या विलो लाकडाच्या भरीव फळीत तसं करायला आधी ती पोखरा लागते आणि पोखरली की ती ताशी 140 किलोमीटरच्या बॉलसमोर टिकत नाही.

हा प्रयोग आमच्या मोहल्ल्यातल्या एका पोट्ट्यानं करूनही पाह्यला आहे बरं का. सुताराकडून गिरमिट आणलं, सागाच्या बॅटीला मागून भोक पाडलं, टॉर्चची स्प्रिंग कोंबली आणि वरून एमसील. चण्याच्या सवंगलेल्या वावरात मॅच होती. पहिला बॉल बॅटीवर बसला तं नुसता बद्द आवाज, बॉल तिथंच पायाशी मेला. दुसरा यॉर्कर आला आणि भोकापासून खालपर्यंत रेषेरेषेनं फळी उभी चिरली, स्प्रिंग उडून स्लिपमध्ये! सुतार म्हणे लाकडाची रेष तोडली का ते फाटणारच, त्यात शिकायसारखं काय आहे.

अंपायरनं चेक केलं नाही म्हणे. अंपायर होते बकनर आणि शेफर्ड. बकनरचं नाव काढलं की आपले लोक तसेही खवळते, ते सोडा. पण 1979 मध्ये पर्थला ऑस्ट्रेलियाचा बॉलर लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता, तेव्हा इंग्लंडच्या कॅप्टननं तक्रार केली, खेळ थांबला, लिलीनं रागानं बॅट फेकून देली आणि पुढं नियमच आला की पातं लाकडाचंच पाहिजे. म्हणजे बॅटीत काही वेगळं दिसलं तं मैदानावरच बोंब होते. पाँटिंगच्या बॅटीवरूनही झाली, पण ती 2005-06 मध्ये, आणि तिथं स्प्रिंग नव्हती, पात्याच्या मागून ग्रॅफाइटची पातळ पट्टी होती. क्रिकेटचे नियम बनवणाऱ्या एमसीसी क्लबनं नियमात बसत नाही म्हटल्यावर कंपनीनं त्या बॅटी मागं घेतल्या. माझ्या मतानं मेसेजवाल्यानं ही बातमी उचलली आणि तीन वर्षं मागं नेऊन चिकटवली.

कबुली कुठं देली, कोणाले देली? मेसेजमध्ये ना तारीख ना पेपरचं नाव. मॅच पुन्हा होणार ही तं आपल्या इकडं तेव्हाच उठलेली हूल होती, लाईन गेल्यामुळं अर्ध्या गावानं मॅच पाह्यलीच नव्हती, त्यायले काहीही सांगा.

आणि याले सायन्स फिक्शनही म्हणू नका, गड्याहो. क्रिकेटवर खरी विज्ञानकथा पाह्यजे तं नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचा. उजव्या हाताचा बॉलर एकाएकी डावखुरा होते आणि त्याचं कारण मोबियस पट्टीच्या (एक पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीच्या) पिळात सापडते. तिथं लेखक एकच अशक्य गोष्ट मागते आणि मग शेवटपर्यंत तिचा हिशोब पाळते. आपला मेसेज दर ओळीले नवी अशक्य गोष्ट मागते, आणि हिशोब विचारला का ग्रुपमधून काढून टाकते.

बरं, वर्ल्ड कप फायनलमध्ये खरोखर लपवलेली वस्तू पाह्यजे असंल तं आहे ना. 2007, बार्बाडोस, श्रीलंकेसमोर गिलख्रिस्टनं 104 बॉलात 149 ठोकले तेव्हा त्याच्या डाव्या ग्लव्हमध्ये ग्रिपसाठी स्क्वॉशचा बॉल होता. शंभर झाल्यावर त्यानं स्वतःच ग्लव्हकडं बोट दाखवलं, नंतर सांगितलंही, आणि एमसीसी म्हणाली नियमात बसते. एवढी मसालेदार आणि वरून खरी गोष्ट, पण तिचा मेसेज काही आमच्या ग्रुपवर येत नाही, कारण त्या वर्षी आपण बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीतून घरी आलो होतो.