आकसलेल्या लिनन रनरबद्दल

ताई, नमस्कार. ‘जुनं पोतेरं नऊशे रुपयांना गळ्यात मारलं, एका धुण्यात आकसलं, वर पिवळे डाग’ हा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. रनर, म्हणजे टेबलावर मधोमध अंथरायची ती पट्टी, आकसला हे खरं. फक्त आकसलंय ते लिनन नाही.

ज्या जुन्या टेबलक्लॉथमधून तो कापला, तो माझ्याकडे येण्याआधी कित्येकदा धुतलेला होता; त्याचं आकसायचं ते कधीच आकसून झालंय. खाली लावलेलं अस्तर मात्र कोरं सुती होतं आणि मी ते न भिजवताच शिवलं. पहिल्या धुण्यात अस्तर आकसलं, त्यानं वरचं कापड ओढलं आणि कडा वळल्या. दिवाळीच्या ऑर्डरींची घाई होती, पण ती सबब नव्हे. आमच्या आजीनं वाकळीलासुद्धा कोरं कापड असं लावू दिलं नसतं. चूक माझीच.

डागांचं वेगळं आहे. लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा (आपल्याला जवस ठाऊक ते चटणीपुरतं). खळ घातलेलं कापड वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीच्या रेषेवर पिवळं पडतं, आणि तिथंच आधी विरतं, कारण या धाग्याला लवचीकपणा कमी. क्लोरीनच्या ब्लीचनं डाग जातो, पण कापडही कमकुवत होतं. म्हणून मी ते वापरत नाही. साबणाच्या पाण्यात भिजवून ओलंच उन्हात पसरते. सोलापुरात उन्हाला काय तोटा! तरी जो डाग उरतो तो गिऱ्हाइकाला आधी दाखवायचा असा आमचा नियम आहे. तुम्हाला दाखवला नसेल तर तीही चूक आमच्याकडेच जमा. घरी ठेवताना घडी न घालता गुंडाळून ठेवा.

सोबतचं फडकं ‘आपल्या टर्किश टॉवेलसारखं पाणी टिपत नाही’ म्हणता, ते बरोबरच आहे. टर्किशला फासे असतात, हे सपाट विणीचं. हे काचेचे ग्लास पुसायला, कारण मागं लव राहत नाही. अंग पुसायला मी ते कुणालाच देणार नाही.

आणि हो, एवढ्या पैशात सोलापुरी चादर आली असती. टिकलीही जास्त असती. भौगोलिक मानांकन मिळालेल्या चादरीशी माझ्या चार फुटी पट्टीनं काय बरोबरी करायची?

रनर घेऊन या. अस्तर उसवून, भिजवलेलं दुसरं लावून देते, पैसे नाहीत. नकोच असेल तर नऊशे रुपये परत. फक्त येण्याआधी इस्त्री करू नका. कुठं किती ओढलंय ते मला आहे तसं बघायचंय.