मामांचं न्यूट्रल आणि माझे ब्रेक

कराडहून चिपळूणला लग्नाला निघालो होतो. कुंभार्ली घाट सुरू झाला आणि शेजारी बसलेल्या मामांनी धोशा लावला, "न्यूट्रल कर रे, उतारच तर आहे. फुकट पेट्रोल कशाला जाळतोस?" मोठ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून केलं. पोफळीच्या अलीकडे करपल्यासारखा वास यायला लागला आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. पोटात गोळा आला. कशीबशी गाडी बाजूला घेतली. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर तव्याची धग. मामा म्हणाले, "क्लच असेल."

अर्धा तास थांबून, पहिल्या-दुसऱ्यावर रांगत खाली आलो. चिपळुणात गॅरेजवाल्या पोराने चाक काढलं. बाहेरचा ब्रेक पॅड बरा होता, निम्मा तरी शिल्लक. आतला काढून त्याने माझ्या हातावर ठेवला: नुसती लोखंडी पट्टी! डिस्कवर नख अडकेल एवढी खाच. "कॅलिपरच्या पिना जाम झाल्यात दादा, म्हणून आतलाच घासला." कॅलिपर म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारी पकड. तीन आठवड्यांपूर्वीच सर्व्हिसिंग झालेलं, कागदावर 'ब्रेक ओके'. चाक न काढता बाहेरून डोकावून ओके दिलं असणार. पण महिनाभर चाकातून चीं-चीं यायची आणि मी गाण्यांचा आवाज वाढवायचो, त्याचं काय?

मामांचं गणित कार्ब्युरेटरच्या काळातलं. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर ते बंदच करतात. उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, आणि गाडी आवरायचं सगळं ओझं ब्रेकवर. त्यात ब्रेक ऑइल जुनं. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं मात्र १५५ च्या आसपासही उकळू शकतं. मग पाइपात बुडबुडे आणि पायाखाली स्पंज. दर दोन वर्षांनी बदला म्हणतात. माझं चार वर्षांचं होतं.

२०२२ च्या नोव्हेंबरात पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने एकामागून एक कितीतरी गाड्या ठोकल्या, तेव्हाही आधी सगळे 'ब्रेक फेल'च म्हणाले. नंतर बातमी आली, डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं म्हणे. आपल्याकडे ब्रेक फेल 'होतात'. कोणी करत नाही.

परत येताना मामा एसटीने गेले. लग्नात सगळ्यांना सांगून झालं होतं, भाच्याला घाट उतरवता येत नाही.