टेम्पलच्या आत काय चालतं हे विचारण्याआधी

अमेरिकेतल्या यूटात राहते, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मुख्य राज्यात, म्हटलं की भारतातून येणाऱ्यांचे मॉर्मनांबद्दलचे प्रश्न ठरलेले असतात. त्यांना तीन-चार बायका असतात ना? (नसतात. चर्चने १८९० साली बहुपत्नीत्व बंद करत असल्याचं जाहीर केलं, आज जे करतात ते वेगळे छोटे पंथ आहेत आणि चर्च त्यांना आपलं मानत नाही.) मग ते कपड्यांच्या आत काहीतरी खास घालतात त्याचा विषय निघतो, आणि शेवटी आवाज खाली आणून, बाहेरच्यांना बंद असलेल्या त्यांच्या टेम्पलमध्ये नेमकं काय करतात गं?

गेल्या हिवाळ्यात आलेल्या पाहुण्यांनी तर हा प्रश्न थेट माझ्या मॉर्मन शेजारणीलाच विचारला, ड्राइव्हवेवर उभ्या उभ्या. ती रागावली नाही. म्हणाली, काही गोष्टी मी आनंदाने सांगेन, काही नाही सांगू शकत कारण तसं वचन दिलंय मी. पाहुणे हसले आणि म्हणाले यूट्यूबवर सगळं आहे की, कोणीतरी लपवून कॅमेरा नेला होता आत. ती गप्प झाली. मला फार वाईट वाटलं, कारण ही तीच बाई जी माझ्या सासूबाई हॉस्पिटलमध्ये असताना आठवडाभर आमच्याकडे जेवण पोचवत होती, शाकाहारी, आणि प्रत्येक डब्यावर आत काय काय घातलंय त्याची चिठ्ठी.

आणि तिकडे आमच्या फॅमिली ग्रुपवर माझा चुलतभाऊ, आमचा दादा, याच टेम्पलचा दाखला देऊन भांडत होता. विषय होता आपल्या मंदिरांचा, म्हणजे गाभाऱ्यात कोणाला सोडायचं, दुसऱ्या धर्माच्या माणसाला सोडायचं का, बायकांना का अडवायचं, २०२३ साली त्र्यंबकेश्वरला दुसऱ्या धर्माच्या लोकांनी देवळात शिरायचा प्रयत्न केल्याचा आरोप झाला ते प्रकरण, मग सिद्धिविनायकाचा ड्रेसकोड, सगळं एकात एक. दादाचं म्हणणं, अमेरिकेत मॉर्मन लोक बाहेरच्या माणसाला टेम्पलच्या दारातही उभं करत नाहीत, तिथे कोणी कोर्टात जातं का, मग आमच्याच देवळांच्या मागे का लागता? आणि ग्रुपवरच्या दुसऱ्या बाजूचं म्हणणं की मॉर्मन हा सीक्रेट कल्ट आहे, त्यांचं उदाहरणच नको. मला दोघांचंही पटत नाही आणि ते व्हॉट्सअॅपवर चार ओळींत सांगता येईना म्हणून इथे लिहितेय.

आधी थोडी माहिती. दर रविवारची प्रार्थना होते ती साध्या चर्चमध्ये, आणि तिथे कोणीही जाऊ शकतं, मी गेलेय, मुलांच्या मित्रांच्या कार्यक्रमांना अजूनही जाते. टेम्पल वेगळं. जगभरात दोनशेच्या वर टेम्पल आहेत आणि ती रविवारी बंद असतात. आत जायचं तर एक छोटं कार्ड लागतं, त्याला टेम्पल रेकमेंड म्हणतात. आधी तुमचा बिशप, म्हणजे तुमच्या स्थानिक चर्चचा प्रमुख, आणि मग त्याच्या वरचा माणूस तुमची मुलाखत घेतो, श्रद्धा आहे का, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देता का, दारू तंबाखू चहा कॉफी वर्ज्य आहे का, वैवाहिक निष्ठा पाळता का, लोकांशी प्रामाणिकपणे वागता का. हे प्रश्न गुपित नाहीत, २०१९ च्या ऑक्टोबरात चर्चच्या अध्यक्षांनी ते जाहीर सभेत वाचून दाखवले. कार्ड दोन वर्षं चालतं, मग परत मुलाखत.

आणि आत काय, तर नवीन टेम्पल बांधलं की समर्पणाच्या आधी काही आठवडे ते सगळ्यांसाठी खुलं ठेवतात, मी २०२४ साली टेलर्सव्हिलचं बघून आलेय. दारात बुटांवर पांढरी कव्हरं चढवायला मदत करणारी कॉलेजची मुलं, आत पितळेच्या किंवा दगडाच्या बारा बैलांच्या पाठीवर ठेवलेला बाप्तिस्म्याचा मोठा हौद, लग्नाच्या खोलीत मधोमध गादी लावलेली वेदी जिथे वधू-वर समोरासमोर गुडघे टेकतात, आणि समोरासमोरच्या भिंतींवर आरसे, त्यात बघितलं की आपणच आपल्याला लांबपर्यंत दिसत राहतो, कारण त्यांचं लग्न मृत्यूनंतरही टिकतं अशी श्रद्धा. एक मोठी शांत खोली जिथे कोणी बोलत नाही. मुख्य विधीत सृष्टीच्या उत्पत्तीची, आदम आणि इव्हची कथा सांगतात आणि त्या ओघात माणूस देवाला पाच वचनं देतो, ती कुठली ते चर्चने स्वतःच प्रसिद्ध केलंय. त्या अंतर्वस्त्रांचा आणि विधीच्या पांढऱ्या पोशाखाचा व्हिडिओसुद्धा चर्चनेच २०१४ साली काढला. राहतात त्या काही खुणा आणि काही शब्द. ते मी इथे लिहिणार नाही. आपल्याकडे कोणी अनुग्रह घेतला तर त्याला आपण मंत्र काय मिळाला असं विचारत नाही, तेवढं भान आपल्याला उपजत असतं, ते विमानात बसताना घरी ठेवून यायचं काही कारण नाही.

असं डोकावणं इथे नवीनही नाही. १९११ साली सॉल्ट लेकच्या टेम्पलमध्ये एका माणसाने चोरून शिरून आतले फोटो काढले आणि त्याच्या साथीदाराने चर्चकडे १ लाख डॉलर मागितले, नाहीतर जाहीर दाखवतो म्हणून. तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी चोरांशी सौदा करणार नाही असं सांगितलं आणि चर्चने स्वतःच आतले चांगले फोटो काढून पुढच्या वर्षी पुस्तकात छापले. धमकीतली हवाच गेली. मला हे फार आवडतं. त्याच्या काही वर्षं आधी, १९०४ ते १९०७, यूटाचे मॉर्मन सेनेटर रीड स्मूट यांची जागा वैध की अवैध यावर वॉशिंग्टनमध्ये सुनावणी चालली, त्यात साक्षीदारांना टेम्पलमध्ये कसली शपथ घेता हे विचारलं गेलं. तो प्रश्न मला रास्त वाटतो, कारण आरोप असा होता की ती शपथ देशाविरुद्ध आहे, आणि देशाचा कायदा करणाऱ्याला तेवढं विचारायलाच हवं. अंतर्वस्त्रांचा प्रश्न आणि हा प्रश्न एका मापाने मोजता येत नाहीत.

बंद दारामुळे कोणाला दुखतंय, यावर माझं मत ठरतं.

माझ्या ऑफिसात एक बाई आहे, ओहायोची, कॅथलिक. तिच्या धाकट्या बहिणीने कॉलेजात असताना धर्म बदलला आणि पुढे टेम्पलमध्ये लग्न केलं. आईवडील ओहायोहून आले, आईने नवीन निळा ड्रेस घेतला होता, केस करून आली होती, आणि मुलीचं लग्न आत लागत असताना ती दोघं बाहेर बागेतल्या बाकावर बसून होती. तासाभराने वधू-वर दारातून बाहेर आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटोग्राफरने आईला पुढे बोलावलं. अल्बममध्ये आई हसतेय. ही गोष्ट सांगताना माझी मैत्रीण अजून रडते, इतकी वर्षं झाली.

आता यातली खरी मेख बघा. आधी सगळ्यांसमोर सिव्हिल लग्न करून मग टेम्पलमध्ये जावं तर नियम असा होता की मध्ये एक वर्ष थांबायचं, आणि वर्षभर थांबणं म्हणजे समाजात कुजबुज की यांचं काहीतरी चुकलं असणार, म्हणून कोणी ते करत नसे. पण हा नियम अमेरिका-कॅनडात. ब्रिटनसारख्या देशात, जिथे कायद्यानेच लग्न उघडपणे व्हावं लागतं, तिथे आधी सिव्हिल लग्न आणि लगेच टेम्पल, असं कित्येक वर्षं बिनबोभाट चाललं होतं. म्हणजे आईला बाकावर बसवणं धर्माला आवश्यक नव्हतंच. २०१९ च्या मे महिन्यात चर्चने तो एक वर्षाचा नियम काढून टाकला. आतल्या विधीला कोणी हात लावला नाही, कोणाचं पावित्र्य भंगलं नाही, आणि आयांना लग्न बघायला मिळायला लागलं.

दुसरं, मेलेल्यांच्या नावाने बाप्तिस्मा. हयात माणूस हौदात उतरतो आणि मृताच्या वतीने बाप्तिस्मा घेतो, मृतात्मा तो स्वीकारो वा नाकारो, त्याची मर्जी, असं ते मानतात. स्वतःच्या पूर्वजांसाठी करतात तोवर त्यात मला एक प्रकारची मायाच दिसते. पण होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंची नावंही या याद्यांमध्ये गेली, ज्यू संघटनांनी जाब विचारला, १९९५ साली करार झाला, तरी २०१२ मध्ये अॅन फ्रँकचं नाव परत आलं, आणि अशा प्रकारांबद्दल त्या वर्षी चर्चला माफी मागावी लागली. त्याच वर्षी महात्मा गांधींच्या नावानेही असा बाप्तिस्मा झाल्याची बातमी आली होती. जी माणसं ज्यू म्हणून मारली गेली त्यांच्या लेकरांना इथे विचारायचा पूर्ण अधिकार आहे, आणि आत काय करता, कोणाच्या नावाने करता, हे खडसावून विचारावं. आता फक्त आपल्याच पूर्वजांची नावं द्या असा नियम कडक केलाय.

आता दादाच्या मुद्द्याकडे येते. मॉर्मन टेम्पलच्या दारात मला अडवतात हे खरं, पण मी त्या देवाला मानतच नाही, तिथलं वचन मला द्यायचं नाही, मला अडवल्याने माझं काही बिघडत नाही. आपल्याकडचे वाद या जातीचे नाहीतच. १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रहाला उभी होती ती माणसं बाहेरून आलेली नव्हती. रामनवमीच्या रथाला हात लावण्याचा हक्क त्यांना हवा होता आणि दगड खाल्ले. शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर जायला निघालेल्या बायका शनीला मानणाऱ्या घरांतल्या होत्या, आणि २०१६ साली हायकोर्टाने जो कायदा दाखवला तो १९५६ चा, आपल्याच राज्याने केलेला, की हिंदूंची सार्वजनिक देवळं सगळ्या हिंदूंना खुली. कायद्याने सार्वजनिक असलेलं देऊळ आणि मेंबरांनी आपल्या वचनांसाठी बांधलेली वास्तू यांची तुलना करायची तर आधी हा फरक मान्य करायला लागेल.

आणि दादाला मॉर्मनांचं उदाहरण हवंच असेल तर मग ते पूर्ण घ्यावं, जेन मॅनिंग जेम्ससकट.

जेन ही कनेक्टिकटची कृष्णवर्णीय बाई. १८४३ साली ती आणि तिच्या घरचे इलिनॉयमधल्या नाऊवूला, म्हणजे तेव्हाच्या मॉर्मनांच्या मुख्य गावाला, निघाले, वाटेत बफेलोला बोटीवर चढू दिलं नाही म्हणून उरलेली शेकडो मैल पायी चालले, जेन स्वतः सांगायची की बूट झिजले, पाय फुटले, रस्त्यावर रक्ताचे ठसे उमटले. पुढे १८४७ साली ती पहिल्या वर्षीच सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. आयुष्यभर चर्चची निष्ठावंत राहिली आणि परत परत विनंती करत राहिली की मला टेम्पलचे विधी करू द्या. नाही म्हटलं, कारण रंग. १८९४ साली तिला कुठला विधी दिला, तर संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या घराची कायमची सेविका म्हणून जोडण्याचा, आणि त्या वेळीही ती स्वतः आत नव्हती, तिच्या वतीने दुसरी बाई उभी राहिली. १९०८ मध्ये ती गेली. कृष्णवर्णीयांवरची ही बंदी उठली १९७८ च्या जूनमध्ये, आणि जेनचा राहिलेला विधी तिच्या नावाने १९७९ साली केला गेला.

हे वाचलं तेव्हा मला पंढरपूर आठवलं. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, नामदेव पायरीसमोर. अभंग आपण कीर्तनात म्हणतो, आणि ज्याने ते रचले तो हयात असताना दाराच्या आत जाऊ शकला नाही. त्याच्या जातीच्या माणसांना विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवता यावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं असताना.

ड्रेसकोडबद्दल विचाराल तर माझी काही तक्रार नाही, नियम सगळ्यांना सारखा असेल आणि दारात लोकांचा पाणउतारा होणार नसेल तर. टेम्पलमध्येही सगळे पांढरे कपडे घालतात, डॉक्टर आणि ट्रकवाला शेजारी बसला तर कळत नाही कोण कोण. मला खुपतं ते पैशाचं. दहावा हिस्सा न दिल्यास कार्ड नाही, म्हणजे ज्या वर्षी नोकरी गेली त्या वर्षी उत्पन्नच नाही म्हणून चालतं, पण कर्जात बुडालेल्या घराने आधी हिस्सा द्यायचा की आधी भाडं, हा प्रश्न इथे खरोखर घराघरात असतो. आपल्याकडे पेड दर्शनाची रांग आहे, पैसे टाका आणि पुढे सरका. या दोन्हीवर ग्रुपवर कोणीच भांडत नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, झालं ते झालं, जुनं कशाला उकरतेस. दादा, १९७८ साली तू सातवीत होतास, एवढं काही जुनं नाहीये ते. आणि बंगळुरूला भारतातलं पहिलं टेम्पल २०१८ साली जाहीर झालंय, २०२० च्या डिसेंबरात त्याचं भूमिपूजनही झालं, तेव्हा हे प्रश्न आता नुसते माझ्या गावचे राहिलेले नाहीत. तिथल्या एखाद्या मुलाने धर्म बदलला आणि टेम्पलमध्ये लग्न ठरवलं, तर त्याच्या हिंदू आईला आधी सगळ्यांसमोर लागलेलं लग्न बघायला मिळेल ना, हे त्या चर्चच्या लोकांना मी विचारेन, त्या खुणांबद्दल नाही विचारणार. सॉल्ट लेकचं मोठं टेम्पल, जे बांधायला ४० वर्षं लागली आणि जे २०१९ च्या शेवटापासून दुरुस्तीसाठी बंद आहे, ते २०२७ च्या एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना आतून बघता येईल असं जाहीर झालंय. दादाला आणि वहिनीला तेव्हा यायचं आमंत्रण दिलंय. येतो म्हणाला, पण त्र्यंबकेश्वरचं माझं मत बदलणार नाही म्हणाला.