खारं वारं, धरलेले नट आणि एक चुकीचा सल्ला

गणपती जवळ आले की आमच्या वाडीच्या ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज फिरतो. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी गाडीचा कुठलाही पार्ट घरी काढू नये, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं. कारणं चार: बॅटरी काढली की गाडीचा कॉम्प्युटर जळतो, घरी हात लावला की वॉरंटी जाते, खाऱ्या हवेने धरलेले नट घरच्या पान्याने तुटतात, आणि एवढं करून वाचत काहीच नाही. मी गुहागरला राहतो, रात्री लाटांचा आवाज घरात येतो एवढ्या अंतरावर, आणि गाडीची किरकोळ कामं अंगणातच करतो. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो ऐकल्याने गाड्यांचं नुकसान होतंय, म्हणून लिहितोय.

आधी बॅटरी. ही भीती कुठून आली ते मला ठाऊक आहे. जुन्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग, नीट चालतोय का हे बघायला इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची पद्धत होती. चालू इंजिनवर बॅटरी एकदम तोडली की व्होल्टेज क्षणभर उसळतं, आणि आजच्या गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स त्याने खरंच जळू शकतं. वायर उलट्या जोडल्या तरी तेच. पण गाडी बंद, चावी बाहेर, दोन-चार मिनिटं थांबून बॅटरी काढली तर कॉम्प्युटरला काहीही होत नाही. घड्याळ पुन्हा लावावं लागतं, काही गाड्यांत खिडकीची काच एका दाबात वर जायचं विसरते, एवढंच.

क्रम मात्र चुकवू नका. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधी सुटलेली असली, की तोच पाना टेकला तरी ठिणगीसुद्धा पडत नाही. आपल्याकडे टर्मिनलवर ती पांढरट-हिरवी भुकटी फार लवकर धरते. वायर सुटली की खाण्याच्या सोड्याचं पाणी जुन्या टूथब्रशने चोळायचं, भुकटी फसफसून निघते. मग कोरडं पुसून, घट्ट आवळून, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. ‘बॅटरी गेली’ म्हणून बदललेल्या कितीतरी बॅटऱ्यांना एवढंच हवं होतं. स्टार्ट-स्टॉपवाली, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर बॅटरी त्याच प्रकारची घ्या, साधी बसवू नका.

वॉरंटीबद्दल थोडक्यात. भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 कार कंपन्यांना दंड केला, तेव्हा बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही सांगितलं. बिघाड त्या चुकीच्या कामामुळेच झाला असेल, तर तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येते. निकालावर पुढे अपिलं झाली, ते वेगळं. पण वायपर, एअर फिल्टर, बल्ब या वस्तू मालकाने बदलायच्या म्हणूनच गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्रांसकट दिलेल्या असतात. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यातून एकदा बाहेर काढा.

वाचत काय? गॅरेजसाठी गुहागरहून चिपळूण जवळपास 45 किलोमीटर. वायपरच्या दोन पट्ट्यांसाठी अख्खा दिवस जातो, आणि श्रावणात काचेवर पाणी पसरवत परत यायचं. एअर फिल्टरचं झाकण क्लिपांवर असतं, पाच मिनिटांचं काम. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळमाळावरून, रोज जाणाऱ्याचा फिल्टर जांभ्याच्या धुळीने विटकरी झालेला असतो. तो कागदी असेल तर पाण्याने धुऊ नका, सरळ बदला. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब लावताना काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा तापून बल्ब लवकर जातो.

आता मेसेजमधला सगळ्यात जोरकस मुद्दा: गंज. नट धरतात हे खरं. पण ते का धरतात? वर्षानुवर्षं कोणी हलवत नाही म्हणून. फेरीबोटीतून धोपाव्याला उतरलेल्या गाडीच्या खालून हात फिरवून बघा, खारेपणा बोटाला लागतो. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि गंज आट्यांत शिरतो. वर्षातून दोनदा जो नट सोडला, ब्रशने साफ केला आणि पुन्हा आवळला, तो कुंभार्ली घाटात रात्री पंक्चर झाल्यावरही सुटतो. कधीच न उघडलेला नट तिथे तुम्हाला दाद देणार नाही.

धरलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारायचा. सकाळी आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, परत थोडा आवळायचा. कुरकुर आवाज आला की समजायचं, सुटतोय. एकदम झटका दिला तर मात्र बोल्ट तुटतो, मेसेजवाले ह्याच चुकीबद्दल बोलत असावेत. चाकाच्या नटाचे आटे शेवटी कोरडे पुसायचे, तेलावर आवळला तर नट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. नट निघाले तरी चाक ज्यावर बसतं त्या हबला चिकटून राहिलं, तर गाडीखाली घुसून लाथा मारू नका. नट हाताने सैल लावा, गाडी खाली उतरवा आणि बाजूने हलवा. गाडीच्याच वजनाने चाक सुटतं.

ब्रेक, एअरबॅग, टायमिंग बेल्ट, एसीचा गॅस, ही कामं मीही गॅरेजलाच देतो आणि तुम्हीही द्या. आणि एक भीती मात्र पूर्ण खरी आहे, जरी मेसेजमध्ये तिचा उल्लेखच नाही. जॅक लावून गाडी उचलली की आपल्याकडे खाली जांभ्या दगडाचा चिरा सरकवतात, कारण तो प्रत्येक अंगणात पडलेला असतो. चिरा भिंतीत ठीक आहे, तिथे वजन पसरलेलं असतं. गाडीचं वजन एका बिंदूवर येतं आणि चिरा वाकत नाही, न सांगता फुटतो. शेजारच्या दादांच्या गाडीखालचा असाच दुभंगला, तेव्हा ते पाना आणायला पडवीत गेले होते. त्याच आठवड्यात मी लोखंडी स्टँडची जोडी आणली, आणि पावसाळ्यात मऊ झालेल्या मातीवर जॅकखाली ठेवायला फणसाची जाड फळी. दोन्ही आमच्या पडवीत असतात, वाडीत ज्याला लागतील तो घेऊन जातो.