एका शहाळ्यात दोन किलो कापूस

कृषी केंद्रवाल्याचं परदेश पाहणं त्याच्या हातात नसतं, तणनाशकाच्या हातात असतं. कंपनीनं ठरवून दिलेल्या पेट्या खपल्या की बँकॉक, थोड्या कमी पडल्या तर गोवा, आणि पावसानं दगा दिला तर भिंतीवरचं घड्याळ. २०२४ च्या खरिपात पाऊस झाला, तण माजलं, आणि डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातले आम्ही दुकानदार नागपूरहून कोलकाता आणि तिथून बँकॉक असे उडालो. आम्ही एकमेकांना नावानं हाक मारत नाही, गावानं मारतो. म्हणजे विमानात माझ्या एका बाजूला वणी बसली होती, दुसऱ्या बाजूला दिग्रस, आणि खिडकीशी घाटंजी घोरत होती.

फॉरेन म्हणजे थंडी, असं प्रत्येकाच्या घरी ठरलेलं. त्यामुळे पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर स्वेटर, मफलर आणि कानटोप्यांचा एक जत्था उतरला. आजूबाजूला सगळे हाफ पँटीत. घाटंजीच्या काकांनी घाम पुसला, पण कानटोपी काढली नाही. "हवा लागते," म्हणाले.

इमिग्रेशनसाठी आम्ही पाठांतर करून आलो होतो. काउंटरवरच्या बाईनं तोंड वर न करता शिक्का मारला. भारतीयांना व्हिसा लागत नव्हता आणि तिला आमच्यात काही रस नव्हता. दिग्रसवाले तरी उगाच "टुरिझम, मॅडम" म्हणून आले. पाठ केलेलं वाया कशाला घालवायचं!

खरी परीक्षा पुढे कस्टमला. वणीवाल्यांची बॅग उघडली आणि आतून निघाले खर्रे, म्हणजे आमच्याकडचा तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेला ऐवज. एकेक प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला, वर रबर लावलेला, चांगला घोटलेला, ओलसर, काळपट माल. आठवडा निघेल एवढा. हातमोजे घातलेल्या पोरानं एक पन्नी दोन बोटांत धरून दिव्याकडे नेली, हलवली, पुन्हा खाली ठेवली. त्यानं काय विचारलं ते कळलं नाही, पण काय विचारलं असेल ते कळलं. वणीवाले म्हणाले, "खर्रा." त्यानं पुन्हा विचारलं. हे पुन्हा म्हणाले, "खर्रा," जरा मोठ्यानं.

तिथे माणशी २५० ग्रॅम तंबाखू चालतो, हे माझ्या मोबाइलवर सापडलं. पोरानं वजनकाटा मागवला, तसा वणीवाल्यांमधला दुकानदार जागा झाला. "वजन करा ना. पन अंदरची सुपारी वजा करा अन् चुनाबी वजा करा. निव्वळ तंबाखू धरा." हे सगळं वऱ्हाडीत, आणि अत्यंत न्याय्य मुद्दा म्हणून.

तेवढ्यात एक वयस्क बाई आल्या, त्या वरच्या हुद्द्यावरच्या असाव्यात. त्यांनी पन्नी नाकाशी नेली आणि त्यांचा चेहराच बदलला. आपल्या दातांकडे बोट दाखवून त्या हसल्या, त्या पोराला काहीतरी सांगितलं. थायलंडातही एकेकाळी घरोघरी पानसुपारी होती. १९४० च्या दशकात तिथले पंतप्रधान पिबुन सोंगक्राम यांच्या सरकारनं ती बंद पाडली. बाईंना आजीची आठवण आली असावी. खर्रा सुटला. वणीवाल्यांनी त्यांना एक पन्नी देऊ केली, ती आम्ही वरच्या वर धरली.

बाहेर कंपनीचा माणूस पाटी घेऊन उभा असणार होता. पाट्या पुष्कळ होत्या, आमची नव्हती. तासाभरानं तो फोनवर सापडला. बँकॉकला दोन विमानतळ आहेत आणि तो मोठ्या निष्ठेनं दुसऱ्यावर, डॉन म्युआंगवर, आमची वाट पाहत होता. "तुम्ही टॅक्सी करून हॉटेलवर या, बिल द्या, पाहू," असं त्यानं सांगितलं. यातला 'पाहू' आम्हाला चांगलाच परिचयाचा. आम्हीही शेतकऱ्यांना हेच सांगतो.

टॅक्सीसाठी यंत्रातून चिठ्ठी निघते, चिठ्ठीवरच्या नंबरला आपली गाडी उभी. मीटर तेव्हा पस्तीस बाथपासून सुरू व्हायचा, विमानतळाचे पन्नास वर, टोल आपला. ड्रायव्हरनं हात जोडले, आम्हीही जोडले, त्यानं पुन्हा जोडले. मग त्यानं मीटर टाकला. चालू मीटर पाहायला चौघेही पुढे वाकलो. आरशाला मोगऱ्याची माळ, समोर बुद्धाच्या छोट्या मूर्ती, आतून छतावर पांढऱ्या रेघांचं मंत्रतंत्रातलं यंत्र काढलेलं; आपल्या काळी-पिवळी जीपसारखाच सगळा थाट, फक्त फाटकाला लोंबणारी माणसं नव्हती. गाड्याही डावीकडूनच. पुढे वाहतूक तुंबली आणि बराच वेळ कुणीच हॉर्न वाजवला नाही. काका अस्वस्थ झाले. "याचा हॉर्न बिघडला काय बावा?"

बँकॉकच्या प्रतुनाम भागातल्या हॉटेलाशी उतरलो तेव्हा घसे कोरडे पडले होते. फुटपाथवर शहाळंवाली होती. साठ बाथ, म्हणजे दीडशे रुपये. दिग्रसवाल्यांनी हिशेब केला: लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल, म्हणजे एका शहाळ्यात दोन किलो कापूस. आणि तोही हमीभावानं. व्यापारी त्याहून कमीच देत होते. एकदा हे माप सापडल्यावर सुटका नव्हती. टॅक्सी साडेबारा किलोला पडली. काकांनी शहाळं पिऊन झाल्यावर ते फोडून आतली मलई मागितली. एवढा कापूस दिल्यावर ती सोडायची कशी?

हॉटेलवाल्या पोरीनं गोड हसून सांगितलं की खोल्या दोन वाजता मिळतील. वाजले होते साडेनऊ. आम्ही लॉबीत स्वेटरांच्या ढिगाऱ्यात बसलो. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर साल २५६७. थाई लोक बुद्ध संवत मोजतात, आपल्यापुढे ५४३ वर्षं. मालाच्या मुदतीवर ज्यांचं पोट चालतं, त्यांना हे सोसवेना.

"म्हंजे आपली सारी उधारी बुडाली," दिग्रसवाले म्हणाले.

"बुडाली काहून? ५४३ वर्साचं व्याज लावा ना," वणीवाले म्हणाले आणि त्यांनी पन्नीचं रबर सोडलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गावाकडे सकाळचे आठ.

"भाऊ, दुकान काहून बंद हाय? चन्यावर अळी पडली ना. फवारा पाह्यजे."

"अरे, मी बँकॉकले हावो."

पलीकडे जरा वेळ विचार झाला.

"बरं मंग, सांजच्यानं येतो. अन् पैसे तुरीवर हां, भाऊ."